पाऊण इंची कप्तान

निवृत्त मराठी माणसाने काय करावं याचे काही मार्ग आपल्या समाजाने मुक्रर केलेले आहेत. पहाटे बागेत जाऊन सामुदायिक हसावं, सोसायटीच्या कमिटीवर निवडून येऊन कुणालाच हसू देऊ नये, वर्तमानपत्रांना पत्रं लिहावीत, किंवा गीतेवर एक छोटंसं पुस्तक स्वखर्चाने छापून ते लग्नामुंजीत वाटावं. यांतलं काहीही केलं तरी घरचे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. पण त्याने जेवणाच्या टेबलावर दोनशे वर्षांपूर्वीचं एक शिडाचं लढाऊ जहाज बांधायला घेतलं, तर मात्र बायको माहेरी फोन करते आणि आवाज खाली आणून म्हणते, "नाही, तब्येत तशी बरी आहे."

मी बांधतो आहे ते जहाज तसं फार मोठं नाही. प्रमाण एकास शहाण्णव. म्हणजे खऱ्या जहाजाचा एक फूट माझ्या टेबलावर एक अष्टमांश इंच होतो. दीडशे फूट लांबीची फ्रिगेट पावणेएकोणीस इंचांत मावते आणि सहा फुटी कप्तान बरोबर पाऊण इंचाचा होतो. हे मी आमच्या हिला पहिल्याच दिवशी उत्साहाने समजावून सांगितलं.

"आणि मी?" तिने विचारलं.

"पाच अष्टमांश इंच."

"आणि हा आपला ब्लॉक?"

मी हिशेब केला. तीन काडेपेट्या शेजारीशेजारी ठेवल्या तर होईल तेवढा.

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "मला रोज तेवढाच वाटतो. त्यात आता हे जहाज."

या छंदाला वेडेपणा म्हणणाऱ्यांच्या माहितीसाठी सांगतो, की याला चांगली घरंदाज परंपरा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजांच्या आरमारी मंडळासाठी जहाजांच्या तंतोतंत प्रतिकृती बनत असत. प्रमाण फुटाला पाव इंच. या प्रतिकृतींची गंमत अशी, की त्यांचा खालचा भाग मुद्दाम उघडा ठेवलेला असे. वरून फळ्या मारायच्याच नाहीत. त्यामुळे कणा, त्यावर दोन्ही बाजूंनी उभ्या राहिलेल्या बरगड्या, त्यांना बांधणाऱ्या तुळया, सगळं डोळ्यांना दिसे. म्हणजे जहाजाचा एक्स-रेच म्हणा ना, फक्त दोनशे वर्षं आधी. त्यांतल्या कितीतरी प्रतिकृती आजही काचेच्या कपाटांत ठणठणीत आहेत. ज्या जहाजांवरून त्या केल्या ती कधीच कुजली, बुडाली, जळाली किंवा सरपणाला गेली.

याच आरमारी मंडळात सॅम्युअल पेपिस नावाचे गृहस्थ १६६० साली चिकटले. चिकटले हाच शब्द योग्य, कारण वशिला होता. केंब्रिजचे पदवीधर, लॅटिन उत्तम, गाण्याबजावण्याची आवड, पण जहाजातलं ओ की ठो कळत नव्हतं. पुढे त्यांनी इंग्रज आरमाराची घडी बसवली आणि त्यांची रोजनिशी जगभर गाजली, हा भाग वेगळा. आरंभी मात्र त्यांनी जे केलं ते आपल्याकडचा कुठलाही साहेब करणार नाही. १६६२ च्या उन्हाळ्यात त्यांनी कूपर नावाच्या एका जहाजी माणसाची शिकवणी लावली आणि एकोणतिसाव्या वर्षी, आरमाराचे अधिकारी असताना, पाढे पाठ करायला घेतले! पहाटे उठून बे एके बे. पाढे झाल्यावर जहाजाची लाकडी प्रतिकृती समोर ठेवून कूपर त्यांना एकेक भाग दाखवी. हे झालं नसतं तर लाकडाच्या आणि दोरखंडांच्या कंत्राटदारांनी पेपिससाहेबांना विकून खाल्लं असतं. म्हणजे प्रतिकृती हे खेळणं नव्हतंच. साहेबाला न लाजता अडाणी राहता यावं आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत शहाणं होता यावं, यासाठी केलेली ती सोय होती.

दुसरी परंपरा तुरुंगातली. नेपोलियनच्या लढायांत पकडलेले हजारो फ्रेंच कैदी इंग्रजांनी जागोजागी डांबले होते. पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस इथे तर १७९७ साली खास त्यांच्यासाठी छावणीच उभारली. वेळ भरपूर आणि रोज मिळणाऱ्या रश्श्यातलं हाड शिल्लक. तेव्हा त्यांनी ती हाडं उकळून, घासून, तासून त्यांची जहाजं करायला सुरुवात केली. दोरांऐवजी केस किंवा रेशीम. फाटकाशी बाजार भरे, तिथे आसपासचे इंग्रज ती विकत घेत. कैद्यांपाशी नकाशे नव्हते. आठवेल तसं करायचं. म्हणून ही हाडांची जहाजं दिसायला अप्रतिम, पण प्रमाण बघाल तर डोलकाठ्या नको तितक्या उंच आणि तोफा नको तितक्या दाट. घरापासून लांब असलेल्या माणसाला घर जितकं मोठं आठवतं, तसंच काहीतरी. या कैद्यांनी जहाजांखेरीज दुसरी एक वस्तू हौसेने केली, ती म्हणजे गिलोटिनच्या लहानशा प्रतिकृती. पातं खरोखर खाली पडणाऱ्या! इंग्रज त्याही घेत. पीटरबरोच्या संग्रहालयात हा सगळा प्रकार अजून पाहायला मिळतो.

आमचं घर शाकाहारी असल्यामुळे हा मार्ग मला बंद होता.

आता मी कुठलं जहाज निवडलं ते सांगतो. आमच्या खालच्या मजल्यावर एक इतिहासप्रेमी राहतात. इतिहासप्रेमी म्हणजे इतिहासावर प्रेम करणारे. वाचणारे असतातच असं नाही. ते म्हणाले, "कान्होजी आंग्र्यांची गुराब करा! इंग्रजांचं जहाज कसलं करता?" सूचना माझ्याही मनातली होती. पण प्रतिकृतीला मापं टाकलेला आराखडा लागतो: बाजूने कसं दिसतं, वरून कसं दिसतं, आणि आडवं कापलं तर दर काही फुटांवर पोट किती फुगतं. आपल्या किनाऱ्यावरच्या कारागिरांचं हे गणित हातात आणि नजरेत असे, कागदावर नसे. बाप कणा टाकी, पोरगा बघे. इंग्रज मात्र चार फळ्या जोडायच्या तरी तीन प्रती काढून एक फाइलला लावणार. म्हणून अठराव्या शतकातलं इंग्रज जहाज आज इंचाइंचाने बांधता येतं आणि आंग्र्यांची गुराब बांधताना निम्मा भाग भक्तिभावाचा असतो. इतिहासप्रेमी गृहस्थांना हे आवडलं नाही. मग मी त्यांना म्हटलं, "पण हे जहाज बांधलंय मुंबईतच. लायन गेटच्या पलीकडे." तेव्हा ते जरा विरघळले.

जहाजाचं नाव 'त्रिंकोमाली'. त्याची जन्मकथा एखाद्या मराठी नाटककाराने लिहिली असती तर प्रेक्षकांनी योगायोग फार झाले म्हणून तक्रार केली असती.

१७८२ साली इंग्रजांनी 'एबे' नावाची एक फ्रेंच फ्रिगेट पकडली. ती इतकी डौलदार होती, की इंग्रजांनी तिची मापं घेतली आणि तिच्यावरून स्वतःच्या फ्रिगेटींची एक जातच काढली. त्या जातीला 'लीडा' म्हणत. पुढे नेपोलियनशी झुंजताझुंजता इंग्लंडातले ओक संपत आले, तेव्हा १८१२ च्या ऑक्टोबरात या जातीच्या फ्रिगेटीची मागणी मुंबईच्या गोदीकडे नोंदवली गेली. फ्रेंच कापड, इंग्रज बेतणी, आणि शिवायला मुंबई! का, तर मुंबईला मलबारचा साग मिळे आणि तो कसा वापरावा हे जाणणारे वाडिया मिळत. लवजी नुसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईत आले होते. १७५० च्या सुमारास मुंबईत कोरडी गोदी झाली, आणि तेव्हापासून त्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जहाजं उतरवली. ओकमध्ये आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं. सागात तेल असतं, ते खिळ्यांना सांभाळतं. इंग्रजांना हे कळायला वेळ लागला, पण कळलं तेव्हा त्यांनी चौऱ्याहत्तर तोफांची 'मिन्डेन' मुंबईला बांधून घेतली. इतकी मोठी लढाऊ नौका इंग्रजी आरमाराने आपल्या बेटांबाहेर बांधून घेतली ती पहिलीच. साल १८१०. बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया.

तर त्रिंकोमालीचे नकाशे तयार झाले आणि मुंबईला जाणाऱ्या 'जावा' नावाच्या फ्रिगेटीवर चढवले गेले. ही जावासुद्धा मूळची फ्रेंच, पकडून आणलेली. त्या काळी इंग्रज आणि फ्रेंच आरमारांत, आपल्याकडे शेजारणींत वाट्यांची होते तशी जहाजांची देवघेव चाले. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ जावाची गाठ 'कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकन फ्रिगेटीशी पडली. जावाच्या डोलकाठ्या कोसळल्या. ती इतकी फाटली, की विजेत्यांनाही ओढून नेण्यात अर्थ वाटेना. कॉन्स्टिट्यूशनचं सुकाणूचं चाक लढाईत उडालं होतं. अमेरिकनांनी जावाचं चाक काढून आपल्या जहाजावर बसवलं आणि जावा पेटवून दिली. मुंबईचे नकाशे गेले.

पण याच जावावर एक प्रवासी होता, मुंबईच्या लष्करी नेमणुकीवर निघालेला. लेफ्टनंट जनरल हिस्लॉप. त्याला अमेरिकनांनी सन्मानाने सोडून दिलं. हाच हिस्लॉप पाच वर्षांनी दख्खनच्या फौजेचा सेनापती झाला, २१ डिसेंबर १८१७ रोजी त्याने महिदपूरला होळकरांची फौज मोडली आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये आपल्या खानदेशात थाळनेरच्या किल्लेदाराला फाशी दिलं. नकाशे जळाले आणि हिस्लॉप वाचला. आमच्या इतिहासप्रेमी शेजाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "अमेरिकनांना नेमकं काय ठेवायचं हे कधीच कळलं नाही."

दुसरे नकाशे काढून पाठवावे लागले. ते येऊन कणा टाकेपर्यंत १८१६ चा मे उजाडला. तोवर वॉटर्लू होऊन नेपोलियन सेंट हेलेनावर पोचला होता आणि ज्या लढाईसाठी फ्रिगेट हवी होती ती लढाईच संपली होती. सरकारी काम. कुणीही मागणी रद्द केली नाही. जमशेटजींनी पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा एक कोरलेला खिळा कण्यात ठोकला आणि काम सुरू झालं. १२ ऑक्टोबर १८१७ ला त्रिंकोमाली पाण्यात उतरली. त्यानंतर चोविसाव्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, पुण्याजवळ खडकीची लढाई झाली. पेशवाई बुडत होती, त्याच महिन्यात मुंबईच्या पाण्यावर हे जहाज तरंगत होतं. दोन गोष्टी पुस्तकांच्या दोन वेगळ्या कपाटांत असतात म्हणून आपल्या लक्षात येत नाहीत. मला टेबलावर फळी घासताघासता लक्षात आल्या. त्या संध्याकाळी मी फळी तशीच ठेवली आणि दिवा मालवला.

पुढची कथा शांत आहे. लढाऊ जहाजाच्या मानाने फारच शांत. १८१९ साली ते इंग्लंडात पोचलं आणि वर छप्पर घालून जवळजवळ पंचवीस वर्षं नुसतं बांधून ठेवलं गेलं. मग तोफा कमी करून, मागची बाजू बदलून दहाएक वर्षं अटलांटिकवर आणि पॅसिफिकवर गस्त घातली. मोठी लढाई नशिबी आली नाही. १८९७ साली भंगारात निघालं, तर एका हौशी गृहस्थाने मुलांना खलाशी शिकवायला म्हणून ते घेतलं आणि नाव बदलून 'फूद्रोयां' ठेवलं. १९९२ साली मूळ नाव परत मिळालं, २००१ पर्यंत डागडुजी चालली, आणि आज ते इंग्लंडच्या ईशान्येला हार्टलपूल इथे पाण्यावर उभं आहे. पाण्यावर, हे महत्त्वाचं. नेल्सनची प्रख्यात 'व्हिक्टरी' वयाने मोठी, पण ती १९२२ पासून कोरड्या गोदीत टेकूंवर आहे. तरंगत असलेलं सर्वांत जुनं ब्रिटिश लढाऊ जहाज म्हणजे आपल्या मुंबईचं त्रिंकोमाली. आणि त्याचे पहिले नकाशे जाळणारी कॉन्स्टिट्यूशन? तीही बोस्टनला पाण्यावर आहे! अटलांटिकच्या दोन काठांवर दोन म्हाताऱ्या बसल्या आहेत आणि मधलं भांडण कुणालाच आठवत नाही.

आता प्रत्यक्ष बांधकामाकडे येतो. सागवानी जहाजाची प्रतिकृती सागाची करता येत नाही, हा पहिला धक्का. सागाचे रेषे ठळक असतात. एकास शहाण्णव प्रमाणात ते रेषे म्हणजे फळीत नांगरलेल्या सऱ्या दिसतात. बारीक पोताचं लाकूड हवं. ते आमच्या मेस्त्रींनी दिलं. हे मेस्त्री मालवणकडचे. आमच्या घरातलं प्रत्येक कपाट त्यांच्या हातचं. त्यांनी पिवळसर हेदाचे तुकडे आणून दिले. पूर्वी फूटपट्ट्या आणि गिरणीतल्या बॉबिनी याच लाकडाच्या होत. साग वाळवून, पारखून, दोनशे वर्षं टिकेल असा लावणाऱ्या कारागिरांची नक्कल मी फूटपट्टीच्या लाकडात करतो आहे, हे मला ठाऊक आहे. ग्रिनिचच्या संग्रहालयात जमशेटजींचं एक चित्र आहे. हातात नकाशा, कमरेला खोवलेली चांदीची मोजपट्टी आणि खिडकीतून दिसणारं जहाज. माझी मोजपट्टी प्लॅस्टिकची, सहा इंची, एका विमा कंपनीने दिवाळीला दिलेली.

लाकूड भिजवून वाकवायचं, बरगड्यांवर फळी बसवायची, चिमटे लावायचे. हे चिमटे कपडे वाळत घालायचे. त्यामुळे महिनाभर आमच्या गॅलरीतले कपडे चाळीत उडत होते आणि जहाज मात्र वाऱ्याची शक्यता नसताना घट्ट पकडलेलं होतं. पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे मारायचे, कारण लाकूड पोखरणारा समुद्री किडा तांब्याला भितो. खरा पत्रा चार फूट लांब, चौदा इंच रुंद. माझा अर्धा इंच लांब आणि जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद. असे हजारावर. मग डोलकाठ्या. मग दोर. डोलकाठीला धरून ठेवणारे दोर डांबर फासलेले, म्हणून काळे. शिडं ओढायचे दोर हलते, म्हणून फिकट. खलाशी ज्यांवरून चढत त्या दोरांच्या शिड्यांना तेरा ते पंधरा इंचांवर एक पायरी असे. म्हणजे माझ्याकडे दर साडेतीन-चार मिलिमीटरला. प्रत्येक पायरीला प्रत्येक उभ्या दोराशी एक गाठ. एका डोलकाठीच्या गाठी मी मोजल्या आणि उरलेल्या दोन काठ्यांच्या मोजायच्या नाहीत असं ठरवलं. दोऱ्याचं तूस जावं म्हणून तो मेणातून ओढायचा आणि फिकट रंग यावा म्हणून चहात बुडवायचा.

"हा कप प्यायचा आहे की रंगवायचा?" असं विचारूनच आमच्याकडे आता चहा मिळतो.

काही गोष्टी मात्र कितीही केलं तरी लहान होत नाहीत. खरा दोर स्वतःच्या वजनाने झोकात लोंबतो. माझा दोरा वजनच नसल्यामुळे हट्टाने सरळ राहतो. पाणी लहान होत नाही, म्हणून प्रतिकृतीला समुद्रात ठेवली तर प्रत्येक थेंब डोक्याएवढा. धूळ तर लहान होतच नाही. एक कण पडला की कप्तानाच्या पायाशी धोंडा आल्यासारखा दिसतो.

आणि तोफा! त्रिंकोमालीच्या जातीच्या फ्रिगेटीचा दर्जा ३८ तोफांचा, आणि प्रत्यक्ष तोफा ४६. हे कसं? तर कॅरोनेड नावाच्या आखूड तोफा पुष्कळशा हिशेबात धरायच्याच नाहीत अशी पद्धत होती. आपल्याकडे दोनशे पानांचं जेवण सांगतात आणि पोरंटोरं मोजत नाहीत, त्यातलाच प्रकार. ही पद्धत १८१७ सालीच बदलली. त्यांतल्या मुख्य २८ तोफा खालच्या मजल्यावर. मी एकेक तोफ केली, चाकांचा गाडा केला, गाड्याला बाजूचे दोर बांधले आणि ओळीने मांडल्या. मग वरचा मजला बसवला. तो बसवल्यावर गवाक्षांतून तोफांची तोंडं तेवढी दिसतात. गाडे, चाकं, दोर, काही दिसत नाही. आता जहाज फोडल्याशिवाय दिसणारही नाही.

"म्हणजे दीड महिना जे केलंत ते कुणालाच दिसणार नाही?" हिने विचारलं.

"नाही."

"मग नुसती तोंडंच चिकटवायची!"

प्रश्न चोख होता. मला त्याचं उत्तर देता येईना, म्हणून मी गोष्ट सांगितली. तुम्हांलाही सांगतो.

१८०० च्या सुमाराला जमशेटजींनी मुंबईत 'कॉर्नवॉलिस' नावाची एक फ्रिगेट बांधली. कंपनीसाठी. पुढे ती इंग्रज आरमाराने विकत घेतली आणि १८११ मध्ये तिचं नाव चक्क 'अकबर' ठेवलं, कारण कॉर्नवॉलिस हे नाव एका नव्या जहाजाला हवं होतं. हे नवं कॉर्नवॉलिसही जमशेटजींनीच बांधलं. हाँगकाँग इंग्रजांच्या पदरात टाकणारा १८४२ चा नानकिंगचा तह त्याच्यावर झाला. पण गोष्ट पहिल्या कॉर्नवॉलिसची. असं सांगतात, की ते बांधताना जमशेटजींनी आत, कण्यावरच्या तुळईवर, जिथे माल भरल्यावर उजेडही पोचत नाही अशा जागी, एक ओळ कोरून ठेवली. हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलं, अशा अर्थाची. काळ्याच्या आधी जी शिवी इंग्रज हटकून लावत तीसुद्धा जशीच्या तशी कोरली, आणि खाली साल. वर्षानुवर्षं साहेब लोक त्या जहाजाची तारीफ करत राहिले. पुढे ते दुरुस्तीला मुंबईच्या गोदीत आलं, तेव्हा जमशेटजींनी त्यांना खाली नेऊन ती ओळ दाखवली.

चांदीच्या मोजपट्ट्या देणाऱ्यांकडूनच ती शिवी आली होती, हे विसरू नका. चित्रातला जमशेटजी मोजपट्टी कमरेला खोवून साहेबासमोर उभा आहे. तुळईवरचा जमशेटजी वेगळा आहे, आणि तो जहाजाच्या पोटात राहतो.

ही बराच वेळ काही बोलली नाही. मग आत जाऊन तिने एक डबी आणली. तीत तिच्या तुटलेल्या पैंजणाची एक कडी होती. "खिळा चांदीचा होता म्हणालात ना?" तिने विचारलं. ती कडी सोनाराकडून तारेसारखी ओढून आणली आणि टाचणीच्या टोकाएवढा तुकडा मी कण्याला भोक पाडून बसवला. वरून तांब्याचा पत्रा. तो कुठे आहे ते आता आम्हां दोघांनाच माहीत आहे.

मागच्या महिन्यात मेस्त्री स्वयंपाकघराच्या दाराची कडी बसवायला आले होते. जहाजाभोवती त्यांनी दोनदा फेरी मारली, गुडघ्यावर बसून खालून पाहिलं, बोटाने फळीचा सांधा चाचपला.

"बरां दिसता," ते म्हणाले. "पान्यात घातलां तर तरंगतलां काय?"

मी सांगितलं, की तळाशी वजन नाही, त्यामुळे कलंडेल.

"म्हंजे बघूकच," ते म्हणाले. यात निंदा नव्हती. कपाट आणि चौरंग यांत जसा फरक, तसा त्यांनी फरक केला.

त्यांनाही मी जमशेटजींच्या ओळीची गोष्ट सांगितली. मला वाटलं ते थक्क होतील. ते नुसते हसले. म्हणाले, "तां आमी सगळेच करतंव, साहेब." आणि कडी बसवायला उठून गेले. मी मागोमाग जाऊन विचारलं, तेव्हा स्क्रू तोंडात धरूनच त्यांनी आतल्या खोलीतल्या कपाटाकडे बोट केलं.

ते गेल्यावर आम्ही दोघांनी कपाटाचा खालचा खण ओढून काढला, त्यातल्या साड्या पलंगावर ठेवल्या आणि खण उलटा केला. तळाच्या फळीवर पेन्सिलीने, सुवाच्य अक्षरांत लिहिलेलं होतं. मेस्त्रींचं नाव, गाव, तालुका, तारीख. सव्वीस वर्षांपूर्वीची. आणि खाली एक ओळ: 'वैनींनी उंची दोनदा बदलली.'

हिने चश्मा लावून ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"तीनदा," ती म्हणाली.